शेवटच्या इनिंगचा वेगवान पिचर: कशानं टिकतो, कशानं ढासळतो?

मुरमाचं_मैदान | ५ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आमच्याकडं कबड्डी, खो-खो आधीपासून आहे. गेल्या काही वर्षांपासून बेसबॉलचा संघही तयार करतोय.

संघात पिचर (बॉल टाकणारा) म्हणून अकरावीचा एक मुलगा आहे, वय १७. शेतकऱ्याचं पोर, ज्वारीच्या रानात गोफण फिरवत वाढलेलं. स्पीडगन आमच्याकडं नाही, पण त्याचा बॉल झेलायचा म्हटलं की आमचा कॅचर ग्लोव्हमध्ये आतून स्पंजचा तुकडा घालून बसतो. त्याला मी शेवटच्या दोन इनिंगला आणतो (समोरचे तीन बाद झाले की इनिंग संपते). जिल्हा पातळीवर तीन सामन्यांत समोरच्यांना त्याचा बॉल दिसलाच नाही.

विभागीय स्पर्धेत आम्ही २ रननं पुढं होतो. शेवटची इनिंग याच्या हातात दिली. त्यानं लागोपाठ चौघांना वॉक दिला (चार बॉल बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो). एक रन तसाच आत आला, तिन्ही बेस भरलेले. मग घाबरून वेग कमी करून मधोमध टाकला, त्यावर दोन रन गेले आणि सामनाही गेला. परतीच्या एसटीत पोरगं खिडकीला डोकं टेकवून बसलं होतं. जिंतूर ओलांडल्यावर एवढंच म्हणालं, "सर, मला शेवटी आणू नका."

तेव्हापासून विचार करतोय. एवढा वेग असलेला पिचर एका दिवसात असा का ढासळतो? आणि ज्यांचं वर्षानुवर्षं जमतं त्यांच्याकडं असं काय असतं? जाणकारांनी सांगावं.

मूळचा_लातूरचा | ५ जानेवारी, रात्री ११:४२

सर, मी बारा वर्षं ह्यूस्टनला आहे, बेसबॉल रोज बघतो. बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगतो.

सुरुवातीच्या पिचरला त्याच बॅटरना दोन-तीनदा तोंड द्यावं लागतं. दुसऱ्या फेरीला बॅटरला त्याचा बॉल ओळखू यायला लागतो. त्यामुळं त्याला चार-पाच प्रकारचे बॉल लागतात आणि दमही राखून ठेवावा लागतो. रिलीफ पिचर, म्हणजे नंतर आत येणारा, साधारण एकच इनिंग टाकतो, एकेका बॅटरला एकदाच भेटतो. दोन चांगले बॉल असले तरी त्याचं भागतं, आणि अंगातली सगळी ताकद तो २० बॉलमध्ये ओतू शकतो. म्हणून वेगवान पोरं या जागेवर जास्त दिसतात. पिचरपासून होम प्लेट (बॅटर उभा असतो ती जागा) ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे १८.४४ मीटरवर. ताशी १५० किलोमीटरचा बॉल ०.४ सेकंदाच्या आसपास तिथं पोचतो. तेवढ्यात बॅटरनं बघायचं, ठरवायचं आणि फिरवायचं.

पण वेग असूनही ढासळणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. एडविन डियाझ घ्या. २०१८ मध्ये सिएटलकडून ५७ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखली की मिळते ती नोंद). पुढच्या वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडं गेला आणि दर ९ इनिंगमागं त्याच्यावर ५.५९ रन पडले. वेग तोच होता! फक्त त्याचा स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, वळायचं सोडून मधोमध तरंगायला लागला. ५८ इनिंगमध्ये १५ होमरन (थेट मैदानाबाहेरचे फटके) बसले. २०२२ ला तोच माणूस, तोच फास्टबॉल, आणि आकडा १.३१. स्लायडर परत जागेवर आला होता.

म्हणजे फास्टबॉलचा धाक दुसऱ्या बॉलवर उभा असतो. तुमच्या मुलाकडं दुसरा बॉल आहे का?

कडबा_पेंढी | ६ जानेवारी, सकाळी ७:०५

ग्लोव्हमध्ये स्पंज! त्या कॅचरला आधी दोन अंडी जास्त द्या सर 😄

नळदुर्गचा_नेट_बॉलर | ६ जानेवारी, सकाळी ८:३०

मी धाराशिवकडचा, क्रिकेट शिकवतो. आमच्या भागात तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरनं २०२२ चा १९ वर्षांखालील वर्ल्ड कप गाजवल्यापासून प्रत्येक पोराला वेगच पाहिजे. मी म्हणतो, टाका जोरात. पण विसाव्या ओव्हरला फलंदाज वेगाची वाटच बघत असतो. त्याला तुम्ही नुसता वेग दिला की तोच वेग वापरून तो थर्ड मॅनवरून चौकार काढतो. बुमराहला खेळायचं तर यॉर्कर येणार, बाऊन्सर येणार की सावकाश बॉल, हे हातावरून कळतच नाही. बेसबॉलमध्येही हेच असणार.

शिवना_काठ | ६ जानेवारी, सकाळी १०:१५

थोडा असहमत. दुसरा बॉल, तिसरा बॉल हे सगळं नंतरचं. वेग ही देणगी आहे. बाकी शिकवता येतं, वेग तेवढा शिकवता येत नाही. २००८ साली अमेरिकन लोक भारतात 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धा घ्यायला आले तेव्हा त्यांनी जोर आणि नेम एवढंच बघितलं. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही भालाफेकवाले. बेसबॉल हातात धरला नव्हता, तरी त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनं करार केला. सरांनी मुलाच्या वेगाला हात लावू नये. पोरं घाबरून हळू टाकायला लागली की तेही जातं आणि हेही जातं.

मूळचा_लातूरचा | ६ जानेवारी, सायंकाळी ६:२०

शिवना_काठ, वेग कमी करू नये हे शंभर टक्के मान्य. पण "बाकी शिकवता येतं" यावर एका माणसाची गोष्ट सांगतो.

स्टीव्ह डाल्कोव्स्की. १९५७ पासून बाल्टिमोरच्या खालच्या संघांतून टाकायचा. ज्यांनी त्याला पाहिलं त्यांतले कितीतरी जण अजून म्हणतात की इतका वेगवान दुसरा झाला नाही. १९६० मध्ये स्टॉक्टन संघाकडून १७० इनिंगमध्ये त्यानं २६२ जणांना स्ट्राईकआऊट (तीन स्ट्राईकवर बाद) केलं आणि बरोबर २६२ जणांनाच वॉक दिला. कितीतरी प्रशिक्षकांनी हात टेकले. १९६२ ला अर्ल वीव्हर नावाच्या मॅनेजरनं त्याला जास्त काही सांगायचं बंद केलं, सोपं ठेवलं, आणि तो सुधारला. पुढच्या वर्षी वरच्या संघात जाणार तेवढ्यात हात दुखावला. मोठ्या लीगमध्ये एकही सामना नाही.

वेगवान पोराला शिकवणारे खूप भेटतात, आणि तेही एक संकटच असतं.

राईजबॉल | ६ जानेवारी, रात्री ९:५५

मी छत्रपती संभाजीनगरची. आठ वर्षं सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग केलं, विद्यापीठाकडून खेळले. आमचा बॉल खालून येतो आणि अंतर ४३ फूट, पण शेवटच्या इनिंगची भीती तीच.

सर, वॉकची गोष्ट पहिल्या बॉलपासून सुरू होते. पहिला स्ट्राईक (बॅटरच्या टप्प्यातला बरोबर बॉल) गेला तर बॅटर तुमच्या दारात येऊन उभा राहतो. पहिला बॉल बाहेर गेला तर तुम्ही त्याच्या दारात. दोन-शून्य झालं (दोन बॉल बाहेर, स्ट्राईक एकही नाही) की त्याला माहीत असतं, आता ही मधोमध जोरात टाकणार. तो बाकी सगळं सोडून तेवढ्याचीच वाट बघतो.

आणि स्ट्राईक टाकता येणं वेगळं, पाहिजे त्या जागी टाकता येणं वेगळं. मला पहिलं जमायला दोन वर्षं लागली, दुसरं शेवटपर्यंत अर्धंच जमलं. वेगवान पोराला सुरुवातीला पहिलंच पुरतं. कॅचरनं ग्लोव्ह मधोमध धरावा आणि त्यानं तिथं टाकावा. चुकून इकडं-तिकडं गेला तरी स्ट्राईक झोनमध्येच राहतो. आमच्या पोरांना कोपरे गाठायला सांगतात, तिथंच ती फसतात.

दोन प्रश्न: आदल्या दिवशी त्यानं किती बॉल टाकले होते? आणि चुकलेले बॉल कुठं जात होते, वर, खाली, की बाजूला?

मुरमाचं_मैदान | ७ जानेवारी, सकाळी ६:४०

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री स्कोअरबुक काढलं. आदल्या दिवशी आमचा मुख्य पिचर तापानं आडवा होता, म्हणून याच्याकडून तीन इनिंग टाकून घेतल्या. अंदाजे ५५ बॉल. सामन्याच्या दिवशी मी त्याला दोनदा वॉर्मअप करायला लावून परत बसवलं, तिसऱ्यांदा आत पाठवलं. ही माझी चूक, आता कळतंय.

चुकलेले बॉल जवळपास सगळे वर. कॅचर उभा राहून पकडत होता.

दुसरा बॉल त्याच्याकडं नाही. सावकाश टाकतो, पण तेव्हा हात आधीच ढिला पडतो, लांबून कळतं.

सांधेजोड | ७ जानेवारी, दुपारी २:३०

नांदेडला फिजिओथेरपी करते. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसा अस्थिबंध असतो. बॉल सोडताना सगळा ताण त्याच्यावर येतो. तो तुटला तर शरीरातला दुसरा स्नायूबंध काढून तिथं बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. तो १९७६ ला परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. पण परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि ते गावातल्या मुलाला परवडणारं नाही.

अमेरिकेत १७-१८ वर्षांच्या मुलांसाठी नियमच लिहून ठेवलेत: ३० बॉलपर्यंत सुट्टी लागत नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन दिवस पूर्ण विश्रांती. तुमचा मुलगा ५५ नंतर दुसऱ्याच दिवशी उभा राहिला, सर. आणि वॉर्मअपचे बॉल स्कोअरबुकात येत नाहीत, पण कोपराला ते मोजावेच लागतात.

थकल्यावर आधी पाय थकतात. मग खांदा खाली येतो, बॉल हातातून लवकर सुटतो आणि वर जातो. कोपराच्या आतून दुखणं, करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या, यातलं काही असेल तर खेळ तिथंच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नसेल तर घाबरायचं कारण नाही.

मूळचा_लातूरचा | ७ जानेवारी, रात्री ११:१०

ताईंनी सांगितलं ते जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाबरोबर झालेलं आहे. अरोल्डिस चॅपमननं २४ सप्टेंबर २०१० ला ताशी १०५.८ मैलांचा, म्हणजे १७० किलोमीटरचा बॉल टाकला. २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाच्या अंतिम मालिकेत) शिकागो कब्जनं त्याला पाचव्या सामन्यात ४२ बॉल टाकायला लावले, सहाव्यात २०. सातव्या सामन्यात आठव्या इनिंगला आला तेव्हा वेग नेहमीपेक्षा उतरला होता. समोरच्या संघातल्या राजाय डेव्हिसनं दोन रनांचा होमरन मारून ६-६ बरोबरी केली. पण नवव्या इनिंगला तोच चॅपमन परत आला आणि तिघांनाही बाद केलं. कब्ज १०८ वर्षांनी जिंकले. सर, हे दुसरं तुमच्या पोराला नक्की सांगा.

आकडेमोड_जालना | ८ जानेवारी, सकाळी ९:२०

एका दिवसावरून पिचर ढासळला असं म्हणणंच मला पटत नाही. रिलीफवाला सबंध हंगामात ६०-७० इनिंग टाकतो. ६० इनिंगमध्ये एकाच दिवशी ५ रन दिले तर त्याची सरासरी (दर ९ इनिंगमागचे रन) तेवढ्यानंच ०.७५ नं वाढते. बाकीचे सगळे दिवस चांगले गेले तरी वर्ष साधारण दिसतं. शिवाय आधीच्या पिचरनं बेसवर सोडलेले खेळाडू यानं आत येऊ दिले तर ते रन आधीच्याच्या नावावर चढतात. म्हणजे खराब टाकूनही आकडा स्वच्छ.

सेव्हचंही तसंच. तीन रनची आघाडी घेऊन एक इनिंग काढली तरी सेव्ह, आणि एका रनच्या आघाडीवर तीन बेस भरलेले असताना काढली तरी सेव्हच. १९६९ पासून हा आकडा अधिकृत झाला आणि तेव्हापासून लोक त्यावरूनच माणूस मोजतात. मी तरी किती वॉक आणि किती स्ट्राईकआऊट एवढंच बघतो. सरांनी या मुलाचे वर्षभराचे वॉक मोजावेत.

हुरडा_पार्टी | ८ जानेवारी, रात्री ८:४५

मास्तर, मी केजकडचा शेतकरी. बेसबॉल काय म्या पाहिला नाय, पण गोफण पंचवीस वर्सं फिरवली. त्यावर बोलतो.

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं उतरत्यात. माळ्यावर उभं राहायचं, गुंडा घालायचा, डोक्यावरून दोन घेर आन् एक टोक सोडून द्यायचं. दोन एकर लांब जातंय. मनगट आन् खांदा लई तयार होतो, हे खरं. पण गोफणीला थवा उठवायचा आसतो, एक पाखरू टिपायचं नसतं. गुंडा कुठं पडला ह्याचा हिशेब कुणी मागत नाय. तुमच्या पोराला जोर रानानं दिला, नेम मातर रानानं शिकवला नाय. त्येला ते नव्यानं शिकावं लागंल.

आन् दुसरं. आम्ही माळ्यावरून मारायचो तेव्हा गुंडा येगळा जायचा, खाली उभं राहून मारलं की येगळा. तुमचा पिचर उंचावर उभा ऱ्हातो का सपाट?

राईजबॉल | ८ जानेवारी, रात्री ९:०२

काका!! हा प्रश्न आम्हा कुणालाच सुचला नाही. सॉफ्टबॉलमध्ये आमची जागा सपाटच असते म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही. सर, सरावाला तुमच्याकडं माउंड आहे का?

मुरमाचं_मैदान | ८ जानेवारी, रात्री १०:३०

नाही. आमचं मैदान सपाट, मुरमाचं. जिल्हा स्पर्धाही सपाटच होती. विभागीयला मात्र मातीचा उंचवटा केलेला होता. पोरगं पहिल्यांदाच त्यावर चढलं होतं. पाय घसरतोय असं एकदा म्हणालंही, मी म्हटलं लक्ष बॉलवर ठेव.

मूळचा_लातूरचा | ९ जानेवारी, सकाळी १०:००

सर, अर्धं उत्तर इथंच आहे. माउंड १० इंच उंच असतो, १९६९ पासून तेवढाच आहे. त्याआधी १५ इंच होता. १९६८ ला पिचरांनी बॅटरना इतकं बांधून टाकलं, बॉब गिब्सन या पिचरची सरासरी १.१२ होती, की उंची कमी करावी लागली. पाच इंचांनी खेळ बदलतो, तर शून्यावरून दहावर गेल्यावर काय होईल? सपाटीवर ज्या कोनानं हात सुटायची सवय, त्याच कोनानं १० इंच वरून सोडला तर बॉल तेवढाच वरून जाणार. त्यात पुढचा पाय उतारावर नेहमीपेक्षा उशिरा टेकतो. पाय टेकायच्या आत हात पुढं येतो, बॉल अजून वर. चौघांना वॉक.

शिवना_काठ | ९ जानेवारी, सकाळी ११:३०

मी वेगाच्या बाजूनं बोलत होतो, पण हे वाचून थांबलो. पोरानं काही चुकवलंच नव्हतं. जे रोज करत होता तेच केलं, खालची जमीन बदलली होती.

नळदुर्गचा_नेट_बॉलर | ९ जानेवारी, दुपारी १:१५

आमच्याकडं मॅटिंगवर खेळलेली पोरं पहिल्यांदा टर्फवर गेली की हेच होतं. लेंग्थच सापडत नाही.

तरी मनाचा भाग मी सोडणार नाही. दोन वॉक झाल्यावर कुणी तरी माउंडवर जाऊन त्याच्याशी बोललं का?

मुरमाचं_मैदान | ९ जानेवारी, रात्री ९:२५

तिसऱ्या वॉकनंतर मी गेलो. "स्ट्राईक टाक" म्हणालो. आज वाटतं, त्याला ते माहीत नव्हतं का?

राईजबॉल | ९ जानेवारी, रात्री १०:१०

सगळेच असं म्हणतात सर, मनाला लावून घेऊ नका. मला एका ताईनं शिकवलं होतं: माउंडवर गेलं की करता येईल असं काहीतरी सांगायचं. "कॅचरच्या गुडघ्याकडं बघ." "बूट झाड, एक श्वास सोड." एवढंच.

न्यूयॉर्क यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा, त्याच्या नावावर ६५२ सेव्ह आहेत, हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या मानाच्या दालनात) एकमतानं गेलेला पहिला माणूस. पनामातला मासेमाराचा मुलगा, लहानपणी दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे ग्लोव्ह करून खेळायचा. बहुतेक एकच बॉल टाकायचा, शेवटच्या क्षणी सरकणारा कटर. त्यालाही २००४ मध्ये बॉस्टनविरुद्ध नवव्या इनिंगला पहिल्याच बॅटरला वॉक द्यावा लागला, त्यातून बरोबरी झाली आणि पुढं मालिका गेली. २००१ ची वर्ल्ड सिरीजही त्याच्या हातून शेवटच्या इनिंगला गेली होती. त्यानंतरही तो २०१३ पर्यंत टाकत राहिला. त्याचा हात सुटायचा तो रोज एकाच जागी, एकाच लयीत. मला तेच सगळ्यात अवघड वाटतं, वेगापेक्षाही.

कडबा_पेंढी | १० जानेवारी, सकाळी ७:३०

मग माउंड बांधा की सर. गावात ट्रॅक्टर कुणाचा नाही?

मुरमाचं_मैदान | २१ जानेवारी, रात्री ८:५०

मंडळी, उशीर झाला, पण काम करूनच लिहायचं ठरवलं होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनीच ट्रॅक्टरनं दोन खेपा मुरूम आणि एक खेप पांढरी माती टाकली. काळी माती मुद्दाम घेतली नाही, ती भेगाळते आणि पाणी लागलं की बूट धरते. १० इंच उंची, आणि पुढं दर फुटाला एक इंच उतार. पिचर पाय टेकवतो त्या रबराच्या पट्टीऐवजी दोन फुटांची बाभळीची फळी पुरली.

पहिल्या दिवशी पोराचे बॉल तसेच वरून गेले. त्याचाच चेहरा उजळला! म्हणाला, "सर, हे तर इथंबी तसंच होतंय." त्याला वाटत होतं तो घाबरला म्हणून हरलो. आता त्याला दुसरं कारण हाताशी लागलं. चौथ्या दिवसापासून कॅचर खाली बसून झेलतोय. दिवसाला ३० बॉल, एक दिवसाआड. वॉर्मअपचेही वहीत लिहितो. कोपर दुखत नाही, बोटांत मुंग्या नाहीत, सांधेजोड ताईंच्या सांगण्याप्रमाणं रोज विचारतो.

सावकाश बॉलसाठी बॉल तळहातात खोल धरायला लावला, हात मात्र फास्टबॉलच्याच वेगानं फिरवायचा. दहातले तीन बरे पडतात.

शेवटी आणायचं की नाही हे त्यालाच विचारलं. म्हणाला, "माउंड आधी एकदा बघू देत जा."

एक अडचण आहे. पुढचा पाय पडतो तिथं चार दिवसांत वीतभर खड्डा पडला.

राईजबॉल | २१ जानेवारी, रात्री ९:१५

सर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या स्पर्धेला संघ घेऊन एक तास आधी पोचा, पंचांना विचारून त्याला माउंडवर दहा बॉल टाकू द्या.

हुरडा_पार्टी | २१ जानेवारी, रात्री ९:४०

खड्ड्यात नुसती माती भरू नका, परत उखडंल. पांढऱ्या मातीत बारीक भुसा कालवून रातभर मुरू द्या, सकाळी चोपणीनं चोपा. आमचं खळं असंच करायचो, बैल फिरले तरी हालत नव्हतं. रविवारी परभणीला येणार हाय, चोपणी घेऊनच येतो. हुरडा बी आणतो, पोरांला म्हणावं भूक ठेवा.